‘सोडवलं मी, आणि आता तिला माझ्यापासूनच सुटायचंय’

पत्राचा सारांश (नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

पत्रलेखिका ४६ वर्षांच्या आहेत. त्या २० वर्षांच्या असताना आई गेली. धाकटी बहीण तेव्हा ११ वर्षांची होती, तिला त्यांनीच वाढवलं. पुढे बहिणीचं लग्न झालं आणि ती नवऱ्याच्या धाकात अडकली. पैसे त्याच्या हातात, फोन त्याच्या हातात, कुणाशी बोलायचं हेही तोच ठरवणार. अडीच वर्षांपूर्वी एका दुपारी ताई गाडी घेऊन गेल्या आणि बहिणीला एका बॅगेनिशी आपल्या घरी घेऊन आल्या. वकील पाहिला, ओळखीतून नोकरी लावली, घटस्फोटाचा दावा दाखल करायला लावला. आता बहिणीने परगावी, कमी पगाराची नोकरी स्वतःच मिळवली आहे. ताईंना ते कळलं कधी, तर तिने मूळ प्रमाणपत्रं मागितली तेव्हा. त्यातच ती नवऱ्याला भेटून ‘पैशांवरचा हक्क सोडते, पण हे लवकर संपव’ असं सांगून आली आहे. ताईंनी जाब विचारल्यावर म्हणाली, ‘तिकडे त्याला विचारावं लागायचं, इकडे तुला.’

ताई लिहितात, ‘ती आगीतून फुफाट्यात पडली म्हणे. माझं घर म्हणजे फुफाटा का? सगळे मला सोडवणारी म्हणतात. कुणी अडकलेलं दिसलं की मला राहवत नाही, माझा जन्मच बहुधा त्यासाठी झालाय. पण जिच्यासाठी सगळ्यात जास्त केलं, तिला मी मुक्त केलं की नाही हेच कळेनासं झालंय. आता ऑफिसातली एक जण अशाच घरातून निघायला माझी मदत मागतेय. तिला हात देऊ, की लांब राहू?’

ताई,

आधी त्या दुपारबद्दल बोलते, कारण रागाच्या भरात तुम्ही तीसुद्धा खोडून टाकाल अशी मला भीती वाटते. त्या दुपारी तुम्ही योग्य तेच केलंत. जिच्या हातात स्वतःचा फोन नाही, जिला रिक्षाला पैसे हवे असले तरी कारण सांगावं लागतं, तिला ‘मनात आणलंस तर निघशील’ असं सांगणं म्हणजे शहाणपणाचा आव आणून अंग काढून घेणं. तुमच्याकडे गाडी होती, घर होतं, ओळखी होत्या आणि ‘चल’ म्हणायची हिंमत होती. ते सगळं तुम्ही पणाला लावलंत. पुढे मी जे लिहिणार आहे, त्यातलं एक अक्षरही त्या दुपारच्या विरोधात नाही.

आता तुमचं पत्र. सारांशात मावली नाहीत अशी तीन वाक्यं त्यात आहेत. एक, ‘तिचे सगळे कागद माझ्याच कपाटात आहेत, व्यवस्थित फाइल करून ठेवलेत.’ दुसरं, ‘बँकेचं खातं दोघींच्या नावावर आहे, म्हणजे पैसे उगाच उडायला नकोत.’ तिसरं ओझरतंच आलंय: तिचं सिमकार्ड तुमच्या नावावर आहे. ही वाक्यं तुम्ही काळजीचा पुरावा म्हणून लिहिलीत. मी ती तुमच्या बहिणीच्या जागी बसून वाचली.

तिला नोकरीसाठी अर्ज करायचाय. रात्रीची जेवणं झाल्यावर ती तुमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहते. ‘ताई, माझं पदवीचं प्रमाणपत्र हवं होतं.’ तुम्ही विचारता, ‘कशाला गं?’ तेही मायेनंच. पण त्या ‘कशाला’ला उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिलं की चर्चा होणार, चर्चेत पगार कमी आहे हे निघणार, मग गाव लांब आहे हे निघणार, मग ‘तू ठरव, पण माझं ऐकशील तर’ हे निघणार. म्हणून तिने झेरॉक्सवर भागवलं, मुलाखत देऊन आली, आणि मूळ कागदांवाचून अडलं तेव्हाच तोंड उघडलं. तुम्ही याला लपवाछपवी म्हणता. विचारायच्या आधी गुपचूप करून टाकायचं, हे ती नवऱ्याच्या घरात शिकली. त्याशिवाय तिथे काही करताच आलं नसतं. तुमच्या घरात तेच पुन्हा का करावं लागलं, याचा विचार व्हायला हवा.

तुम्ही आणि तो सारखे, असं मी म्हणत नाहीये. मला वाटतं, तीही तसं म्हणत नाहीये. त्याने कागद अडवले ते तिने जाऊ नये म्हणून, तुम्ही सांभाळले ते हरवू नयेत म्हणून. हेतूत जमीनअस्मानाचा फरक आहे. पण कपाटाची किल्ली दोन्ही घरांत दुसऱ्याच कुणाकडे होती, आणि तुमचा हेतू काही तिला कपाटावर लिहिलेला दिसत नाही.

‘ती अजून सावरलेली नाही, तिला व्यवहार कळत नाही, थोडी तयारी झाली की सगळं तिच्या हाती देणारच होते,’ असंही तुम्ही म्हणता. तुम्ही दिलं असतं यावर माझा विश्वास आहे. कधी, ते मात्र पत्रात कुठेच नाही.

माणसांना मुक्त करण्याच्या इतिहासात ही ‘तयारी’ फार जुनी आहे. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि तो १ ऑगस्ट १८३४ ला लागू झाला. पण कॅरिबियन बेटांवर उसाच्या मळ्यांत राबणारी माणसं त्या दिवशी मोकळी झाली नाहीत. त्यांना ‘शिकाऊ उमेदवार’ ठरवण्यात आलं. आणखी सहा वर्षं त्याच मालकाकडे, आठवड्यातला बराचसा वेळ बिनपगारी राबायचं. कारण काय, तर स्वातंत्र्याची सवय व्हायला वेळ लागतो. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले, ते मालकांना. राबणाऱ्यांना छदामही नाही. अँटिग्वा बेटाने हा मधला टप्पा घेतलाच नाही, तिथले लोक १८३४ लाच पूर्ण मोकळे झाले. बाकी ठिकाणी १८४० पर्यंत चालायची ती उमेदवारी विरोधापुढे १८३८ मध्येच गुंडाळावी लागली.

तुमचं घर आणि ते मळे यांची तुलना मला करायची नाही, फक्त तो तर्क बघा. तयारी झाली की स्वातंत्र्य देऊ म्हणायचं, आणि तयारी झाली का हे ठरवणार कोण, तर ज्याच्या हातात ते अडकलंय तोच. अशा परीक्षेत कुणी पास होत नाही. व्यवहार कळायचा तर तो हातात घ्यावा लागतो. चार पैसे चुकीच्या ठिकाणी गेल्याशिवाय कुणाला हिशेब आलाय? तुम्हाला तरी आला होता का, वीस वर्षांच्या असताना?

‘सोडवणारी’ या बिरुदाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. हॅरिएट टबमनचं नाव तुम्ही ऐकलं असेल. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये ती गुलामगिरीत जन्मली, १८४९ साली पळाली आणि स्वतंत्र झाली. नंतर १८६० पर्यंत ती पुन्हापुन्हा त्याच मुलखात शिरून माणसं बाहेर काढत राहिली. सुमारे १३ फेऱ्या, ७० च्या आसपास माणसं. तिच्या नावावर एक वाक्य फिरतं, तुमच्याही मोबाइलवर येऊन गेलं असेल: मी हजार गुलाम सोडवले, आपण गुलाम आहोत हे त्यांना कळलं असतं तर आणखी हजार सोडवले असते. हे वाक्य तिचं नाही. ती असं काही म्हणाल्याचा पुरावा अभ्यासकांना सापडलेला नाही, आणि आकडाही खऱ्या आकड्याच्या आसपास नाही. तरी ते फिरत राहतं, कारण सोडवणाऱ्याला ते गोड लागतं. मला दिसतंय, त्यांना दिसत नाही. मी जागी, ते झोपलेले.

खरी हकिकत इतकी गोड नाही. १८५१ साली हॅरिएट आपल्या नवऱ्याला, जॉनला, आणायला परत गेली. त्याच्यासाठी नवे कपडे घेऊन गेली होती. त्याने तोवर दुसरी बायको केली होती आणि त्याने यायला साफ नकार दिला. तिचा संताप झाला, थेट जाऊन तमाशा करावा असंही तिच्या मनात आलं. मग तिने तो नाद सोडला आणि ज्यांना यायचं होतं त्यांना घेऊन ती निघाली. धाकटी बहीण रेचल तर त्याहून जवळची. तिला आणायला हॅरिएट अनेकदा धडपडली, पण रेचलची मुलं तिच्यापासून दूर ठेवलेली होती आणि मुलांना टाकून ती निघायला तयार नव्हती. आपण गुलाम आहोत हे रेचलला काय कळत नव्हतं? पुरतं कळत होतं. आपण आई आहोत, हेही कळत होतं. १८६० मध्ये हॅरिएट शेवटची गेली तेव्हा रेचल वारली होती. मुलांनाही आणता आलं नाही. त्या फेरीत हॅरिएटने दुसऱ्याच एका कुटुंबाला बाहेर काढलं.

सोडवणाऱ्याच्या वाट्याला हेही येतं, ताई. जिच्यासाठी एवढं सगळं मांडलं, ती आपल्या मनासारखी वागत नाही, आणि तिची कारणं ऐकली तर ती वेडेपणाचीही नसतात.

पण हॅरिएटची जी गोष्ट मला तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे, ती वेगळीच. तिच्याजवळ पिस्तूल असायचं. वाटेत कुणी कच खाल्ली, मागे फिरतो म्हणाला, तर ती ते त्याच्यावरच रोखायची: पुढे चालायचं, नाहीतर इथेच मरायचं. ऐकायला भयंकर वाटतं. पण मागे फिरलेला एक माणूस पकडला गेला असता तर आडवाटा, आसरा देणारी घरं, बरोबरची माणसं, सगळंच उघड्यावर आलं असतं. त्या काही रात्रींपुरता तिचा शब्द शेवटचा होता आणि तो तसाच असायला हवा होता. पळालेल्या गुलामांबद्दलच्या १८५० च्या कायद्यानंतर गुलामगिरी नसलेल्या उत्तरेकडच्या राज्यांतूनही त्यांना पकडून नेणं फार सोपं झालं, म्हणून ती माणसांना थेट कॅनडात, सेंट कॅथरिन्सपर्यंत घेऊन जायची. सीमा ओलांडली की पिस्तुलाचं काम संपलं. पुढे कुणी कुठे काम धरावं, कुणाशी संसार मांडावा, यासाठी ते बाहेर निघालं नाही.

तुमची ती दुपार पिस्तुलाची होती. ‘बॅग भर, प्रश्न नंतर, आधी गाडीत बस.’ असंच काहीतरी म्हणाला असाल, आणि तेव्हा तसंच म्हणायला हवं होतं. पण सीमा ओलांडून आता अडीच वर्षं झाली. हुकूम करण्याचा तो अधिकार तुम्हाला संकटाने दिला होता, संकटाबरोबर तो संपायला हवा होता. आणि तो खाली ठेवायचं काम तुमचंच आहे, कारण तिला ते मागता येत नाही. जिने जीव वाचवला तिला ‘आता जरा बाजूला हो’ म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. मग ते आडवाटेने बाहेर पडतं: चोरून केलेला अर्ज, आणि भांडणात तोंडातून निसटलेलं एक जहरी वाक्य.

मानसशास्त्रात यावर एक जुनी मांडणी आहे. स्टीफन कार्पमन यांनी १९६८ साली एक त्रिकोण मांडला: छळणारा, सोसणारा आणि सोडवणारा. यात माणसं आपापल्या कोपऱ्यात टिकत नाहीत, जागा बदलत राहतात. तुमचं पत्र सुरू होतं तेव्हा तुम्ही सोडवणाऱ्या आहात, संपतं तेव्हा सोसणाऱ्या झालेल्या आहात आणि छळणारीच्या जागी बहीण आली आहे. तिने पत्र लिहिलं असतं तर छळणारीच्या जागी तुम्ही असता. असल्या त्रिकोणांनी लोकांना लेबलं लावू नयेत असं माझं मत आहे, पण तुमच्या पत्रात तो इतका ठळक उमटलाय की उल्लेख टाळवला नाही.

‘कृतघ्न’ हा शब्द तुम्ही दोनदा लिहून एकदा खोडलाय. खोडलात ते बरं केलंत. उपकाराचं कर्ज मोठं चमत्कारिक असतं. मुद्दल कुणी सांगत नाही, हप्ता ठरलेला नसतो, आणि फिटलं असं कुणी लिहूनही देत नाही. असं कर्ज डोक्यावर असलेला माणूस एक तर जन्मभर मान खाली घालून वावरतो, नाहीतर गाव सोडतो. आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली आहे. ते जहरी वाक्य ती तुमच्या तोंडावर बोलली. नवऱ्याला ती असं कधी बोलली असेल, असं तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. तुम्ही तिला घराबाहेर काढणार नाही, फोन हिसकावून घेणार नाही, याची तिला खात्री होती म्हणून तिला भांडता आलं. तुम्ही जे मिळवून दिलंत, ते ती वापरू लागली आहे. पहिला वापर तुमच्यावरच झाला, ते झोंबणारच.

आता एक जरा अवघड प्रश्न. ‘सगळे मला सोडवणारी म्हणतात’ असं तुम्ही लिहिता. सगळ्यांना कळलं कसं? या सदरात अधूनमधून दुसऱ्या बाजूचीही पत्रं येतात, ज्यांना कुणीतरी बाहेर काढलं त्यांची. त्यांत एक तक्रार वरचेवर भेटते: माझी गोष्ट तिनेच सगळ्यांना सांगितली. नातेवाइकांत, ओळखीपाळखीत, कामाच्या ठिकाणी. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, कधीकधी तर दुसऱ्या कुणाला धीर यावा म्हणूनच सांगितलं जातं. पण जिथे जाईल तिथे तिला बघून लोकांच्या डोळ्यांत ‘हीच ना ती?’ उमटतं. तुमच्या ओळखीतून लागलेल्या नोकरीतही बहुधा तेच झालं असणार. परगाव, कमी पगार, कुणी ओळखीचं नाही: तुम्हाला जो तोटा दिसतोय, त्यासाठीच कदाचित तिने ती नोकरी घेतली असेल. हा माझा अंदाज आहे. तिला विचारा, पण चूक दाखवण्यासाठी विचारू नका.

नवऱ्याला भेटण्याचं मात्र मी असं सोडून देणार नाही. इथे धोका आणि मतभेद वेगळे करा. त्याने धमक्या दिल्यात का, पाठलाग केलाय का, पूर्वी गळा धरणं किंवा शस्त्र दाखवणं असं काही घडलंय का, हे तिला थेट विचारा. वेगळं झाल्यानंतरचा काळ अशा नात्यांत बरेचदा जास्त धोक्याचा असतो, कारण ताबा सुटतोय हे समोरच्याला तेव्हाच उमगतं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर तिने त्याला एकटीने भेटू नये, बोलणं वकिलामार्फत व्हावं, आणि हे तुम्ही ठणकावून सांगायला माझी हरकत नाही. उत्तर ‘नाही’ असेल, तर भेट चार लोकांत, दिवसाउजेडी व्हावी आणि ती कुठे आहे हे तिने निवडलेल्या एका माणसाला माहीत असावं. तो माणूस तुम्हीच असाल असं नाही.

पैशांवरचा हक्क सोडणं हा मात्र मतभेद आहे. तुम्हाला ती हार वाटते. तिच्या लेखी कदाचित ती या प्रकरणाच्या शेवटच्या तारखेची किंमत असेल. मला विचाराल तर मीही तिला ‘सोडू नकोस’ म्हटलं असतं, पण एकदाच. हक्क सोडला तर नेमकं काय हातचं जातं आणि खटला लांबला तर किती काळ जाऊ शकतो, हे वकिलाकडून तिला समजून घेऊ द्या, तुम्ही त्या खोलीत नसताना. त्यानंतर ती जे ठरवेल ते ठरलं. पुढे तिला पस्तावा झाला तर तो तिचा असेल, आणि ‘मी सांगितलं होतं’ हे वाक्य तुम्ही गिळायचं.

या आठवड्यात काय करता येईल ते सांगते. कागदांची ती फाइल तिच्या हातात द्या. ‘नीट ठेव हं’ म्हणू नका. बँकेत दोघींनी जाऊन तुमचं नाव काढून घ्या, किंवा तिने स्वतःच्या एकटीच्या नावाने नवं खातं काढावं आणि नव्या नोकरीचा पगार तिथे जावा. सिमकार्ड तिच्या नावावर करून घ्या. तुमच्या मोबाइलमध्ये तिचे पासवर्ड असतील तर ती ते बदलेल, बदलू द्या. तिच्यावर केलेल्या खर्चातलं काही परत हवं असेल, तर आकडा आजच स्पष्ट सांगा. नको असेल तर तसंही स्पष्ट सांगा आणि पुन्हा तो विषय काढू नका. मोघम ठेवलेले पैसे भांडणात हमखास बाहेर येतात.

आणि बोलणं. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली व्यसनी माणसांशी बोलायची एक पद्धत मांडली, पुढे स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर ती वाढवली. समोरच्याला सुधारायची आपली उबळ आवरायची, हे तिचं एक मुख्य सूत्र. आपण बदलाच्या बाजूने जितकं जोर लावून बोलू, तितकं समोरचा माणूस न बदलण्याची कारणं देत जातो. घरातही हे लागू पडतं. मत द्यायच्या आधी विचारा: ‘तुला माझं मत हवंय, की नुसतं ऐकू?’ ती ‘नुसतं ऐक’ म्हणाली तर खरोखरच नुसतं ऐका. पहिल्या वेळी जीव घुसमटेल. चेहऱ्यावर मत दिसेलच, त्याला इलाज नाही.

ती निघेल त्या दिवसासाठी एक वाक्य तयार ठेवा. ‘नाही जमलं तर परत येच, मी आहेच’ हे नको, त्यात न जमण्याची वाट पाहिल्यासारखं होतं. ‘ही खोली तुझी आहे, कधीही ये’ एवढं पुरे. आणि ती खरंच कधी परत आली, अगदी नवऱ्याकडे जाऊन परत आली, तरी दारात हिशेब मागू नका. अशा नात्यांतून बऱ्याच जणी पहिल्या खेपेला कायमच्या सुटत नाहीत. परतीचं दार अपमानाशिवाय उघडं असलं तर पुढच्या खेपेला निघणं सोपं होतं.

तुमच्याबद्दलही बोलायला हवं. वीस वर्षांची मुलगी अकरा वर्षांच्या बहिणीची आई झाली, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. तुमची विशी कुठे गेली, कुणी विचारलं होतं का तुम्हाला, की हे पेलवेल का? ‘माझा जन्मच त्यासाठी’ हे वाक्य अशा वयात तयार होतं, जेव्हा दुसरं काही निवडायची सोय नसते. मग आयुष्यभर आपली किंमत आपण कुणाच्या उपयोगी पडलो यावरून ठरत राहते. तुमच्या पत्रात तुमच्या स्वतःच्या आवडीची, सवडीची, मैत्रीची एकही गोष्ट नाही. बहीण गेली की संध्याकाळी घरात काय कराल? हा प्रश्न टोचला, तर ऑफिसातल्या त्या बाईला मदत करायची तुमची घाई थोडी त्या रिकाम्या संध्याकाळपासून पळण्यासाठीही आहे का, हे तपासा. असली तरी तो गुन्हा नाही. फक्त ते तुम्हाला माहीत असलेलं बरं. आणि आत्ता जे दुखतंय त्यात निव्वळ अपमान नाही, लेक घर सोडून जाताना आईला होतं तेही आहे. समुपदेशकाकडे जाऊन हे एकदा मोकळेपणी बोललात तर मला आवडेल. तिथे तुम्ही कुणाला सोडवायचं नसतं.

राहिली ऑफिसातली ती. तिला हात द्या. फक्त या वेळी सुरुवातीलाच सगळं बोलून घ्या. तुम्ही काय देऊ शकता आणि किती दिवस, हे आधीच सांगा: काही आठवडे खोली, वकिलाशी पहिली भेट, गाडी, जे असेल ते. कागदांच्या प्रती तिने स्वतः कुठेतरी ठेवाव्यात, थोडे पैसे फक्त तिच्या नावाने असावेत, एक नंबर तोंडपाठ असावा. तिच्या घरच्या फोनवर किंवा नवऱ्याला दिसेल असा मेसेज करू नका, आणि त्याला समज द्यायला तर मुळीच जाऊ नका, त्याची किंमत तिला मोजावी लागते. स्त्रियांसाठी काम करणारं जवळचं मदत केंद्र, वकील, तिची एखादी मैत्रीण, अशी आणखी दोन-तीन माणसं यात असू द्या, म्हणजे सगळं तुमच्या एकटीवर टेकणार नाही आणि तिलाही तुमच्याशी कधी भांडायचं झालं तर भांडता येईल. ऑफिसात कुणालाही काही सांगू नका. आणि तिला विचारा की तिला नेमकं काय हवंय. ‘निघायचं की नाही, अजून ठरलं नाही’ असं म्हणाली, तर तेही उत्तर समजा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिच्याबरोबर चहाला जा.